वजन उतरवणारा माणूस : कॉलिन चॅपमन

कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोघे जण गाडीवर बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती सीसीची? दुसराही ठरलेला : टॉप स्पीड किती? त्यानंतर अ‍ॅव्हरेज, मग किंमत. गाडीचं वजन किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर वजनाचा हिशोब आपल्या अंगात लहानपणापासून भिनलेला असतो. कॅरिअरला दळणाचा डबा बांधलेली सायकल आणि मोकळी सायकल यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. डबल सीट बसवलं की तीच स्कूटर चढावर दमते, उतारावर लवकर थांबत नाही आणि वळणावर जड जाते. इंजिन तेच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. बदललेलं असतं ते फक्त वजन.

ही साधी गोष्ट एका इंग्रज माणसाने आयुष्यभर धरून ठेवली आणि तिच्या जोरावर जगातल्या सगळ्या श्रीमंत कंपन्यांना शर्यतीत हरवलं. याच गोष्टीच्या मागे लागून तो कधी कधी थांबायला हवं तिथे थांबलाही नाही. त्याचं नाव कॉलिन चॅपमन. लोटस ही मोटार कंपनी त्याची. हलक्या, ट्रॅकवर पळवण्यासाठी बनवलेल्या स्पोर्ट्‌स कारचे शौकीन आजही त्याचं नाव आदराने घेतात. ते का घेतात आणि घेताना मध्येच थोडे गप्प का होतात, ते सांगण्यासाठी हा लेख.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये झाला. त्याचे वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्नझी भागात रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवत. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी, पण मोटारींच्या शर्यती खेळाव्यात इतका पैसा नव्हता. त्या काळी हा खेळ जमीनदारांच्या आणि कारखानदारांच्या पोरांचा होता. पबवाल्याच्या मुलाने त्यात यायचं तर एकच वाट होती, कमी पैशात जास्त डोकं चालवायचं.

तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकायला गेला. पण त्याने घेतलेला विषय मोटारींचा नव्हता, बांधकामाचा होता. पूल, छप्पर, तुळया यांचा. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुलाचा हिशोब करणारा माणूस आधी विचारतो की भार कुठून येतो आणि कुठे जातो. ज्या तुळईवर भार येतच नाही, ती तिथे कशाला? पुढे चॅपमनने प्रत्येक मोटारीकडे याच नजरेने पाहिलं. कॉलेजात असताना तो विद्यापीठाच्या हवाई पथकात दाखल झाला आणि विमान चालवायला शिकला. विमानात तर फुकटच्या एका किलोलाही जागा नसते. पूल आणि विमान, या दोन गोष्टींतून त्याचं सगळं शिक्षण झालं असं म्हणता येईल.

बाकी परीक्षेच्या बाबतीत तो आपल्यातलाच. १९४८ मध्ये शेवटच्या वर्षी गणिताच्या पेपरात अडकला. पुढच्या वर्षी तो पेपर पुन्हा दिला, तेव्हा कुठे पदवी हातात पडली.

अभ्यास मागे पडण्याचं एक कारण म्हणजे त्याचा धंदा. एका मित्राबरोबर तो जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करत असे. महायुद्ध संपलं होतं, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना चांगली मागणी होती. पण १९४७ मध्ये सरकारने खासगी मोटारींसाठी मिळणारा पेट्रोलचा साधा कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर गाडी घेऊन करणार काय? बाजार कोसळला. मिळेल त्या भावात गाड्या काढून टाकल्या, तरी एक खटारा शिल्लक राहिलाच. ती होती १९३० सालची ऑस्टिन सेव्हन, इंग्लंडमधली अगदी साधी, गरिबाची मोटार.

ती विकली गेली असती तर कदाचित लोटस जन्मालाच आली नसती. विकली जात नाही म्हणून चॅपमनने ती उघडली. हेझल विल्यम्स नावाची त्याची मैत्रीण होती. मसवेल हिलमध्ये तिच्या आईवडिलांच्या गॅरेजात हे काम चालायचं. जुनी बॉडी काढून फेकली. प्लायवूडवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून त्याने विमानासारखी नवी बॉडी बांधली, म्हणजे बॉडी नुसतं झाकण न राहता गाडीचा भारही उचलेल. या गाडीला त्याने नाव दिलं लोटस. आपलं कमळ! इंग्रजाला हे नाव का सुचलं, ते त्याने शेवटपर्यंत उघड केलं नाही. हेझलला तो लाडाने या फुलाच्या नावाने हाक मारायचा, असं पुष्कळ जण सांगतात.

पदवीनंतर थोडे दिवस हवाई दलात काढून तो ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागला. दिवसा नोकरी आणि रात्री गॅरेज. १९५१ मध्ये त्याने आपली तिसरी गाडी बनवली. ऑस्टिन सेव्हनचं छोटं इंजिन वापरणाऱ्यांसाठी क्लबच्या स्वस्त शर्यती असत, त्यांत ही गाडी उतरली आणि तिने सगळ्यांची झोप उडवली. त्या इंजिनात दोन-दोन सिलिंडर मिळून एकाच वाटेने हवा घेत. ती वाट आतून दुभागून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र श्वास देण्याची युक्ती चॅपमनने केली. नियमात याला बंदी नव्हती. पुढच्या मोसमासाठी मात्र आयोजकांना नियम बदलावा लागला. चॅपमनच्या आयुष्यात पुढे हेच पुन्हा पुन्हा होणार होतं. इतर लोक नियम वाचून त्यात काय लिहिलंय ते पाहत, हा काय लिहायचं राहून गेलंय ते पाही.

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. भांडवल हेझलने उसने दिलेले २५ पौंड. कारखाना म्हणजे वडिलांच्या पबमागचे जुने घोड्यांचे तबेले. पगार द्यायला पैसे नाहीत, म्हणून संध्याकाळी हौसेने येणारी मित्रमंडळी हेच कामगार. पण ही मंडळी साधीसुधी नव्हती. काही जण डी हॅविलंड या विमान कंपनीत नोकरी करणारे होते. त्यांच्यापैकी माइक कॉस्टिनने पुढे कीथ डकवर्थबरोबर कॉसवर्थ ही इंजिनांची कंपनी काढली. माइकचा भाऊ फ्रँक विमानांभोवती हवा कशी वाहते याचा जाणकार, त्याने लोटसच्या गाड्यांना आकार दिला. ग्रॅहम हिल लोटसमध्ये मेकॅनिक म्हणून आला आणि पुढे दोनदा जगज्जेता झाला. चॅपमनमध्ये काहीतरी होतं खास. तो बोलू लागला की लोक घरदार विसरून रात्रभर राबत. त्याने कुणाला किती राबवलं आणि किती दिलं, हा हिशोब वेगळा.

या छोट्या कंपनीने गाडी विकण्याचीही नवी तऱ्हा काढली. इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर भारी खरेदीकर होता, पण सुटे भाग घेऊन घरी जोडलेल्या गाडीवर तो लागत नसे. म्हणून लोटस खोक्यांत भरून मिळू लागली. शिक्षक, कारकून, मेकॅनिक अशी माणसं शनिवार-रविवारी आपल्या गॅरेजात ती जोडत. जोडण्याची माहिती सोबत देणं कराच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून गाडी सुटी कशी करायची याचं पत्रक दिलं जाई आणि गिऱ्हाइकाने ते उलटं वाचायचं, अशी एक गोष्ट लोटसवाले हसत हसत सांगतात.

याच वाटेवर १९५७ मध्ये आली लोटस सेव्हन. हलक्या गाडीच्या शौकिनाला नेमकं काय हवं असतं, ते समजून घ्यायचं तर ही एक गाडी पाहिली तरी पुरे.

सेव्हनला दरवाजे नव्हते. धड छप्पर नव्हतं. सामानाला जागा म्हणजे नावापुरती. एसी, रेडिओ, मऊ गादी यांचा तर प्रश्नच नाही. बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे छोटं इंजिन, मागे दोन माणसं. बसल्यावर हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागेल इतकी खुटी. वजन ५०० किलोच्या आतबाहेर. सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं ११७२ सीसीचं इंजिन होतं आणि त्याची ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या हिशोबाने हे काहीच नाही. तरीही आठवडाभर ऑफिसला न्यायची, रविवारी तीच ट्रॅकवर न्यायची, तिच्याहून मोठ्या गाड्यांना वळणावर मागे टाकायचं आणि तिच्यातूनच घरी यायचं, असं लोक करत.

हे कसं शक्य होतं? इंजिनाची ताकद वाढवली तर फायदा प्रामुख्याने सरळ रस्त्यावर होतो. वजन कमी केलं तर फायदा सगळीकडे होतो. गाडी लवकर वेग घेते. ब्रेक उशिरा लावला तरी थांबते. वळणावर टायरला कमी भार सांभाळायचा असतो, म्हणून ती जास्त वेगाने वळते. शिवाय कमी वजनाला छोटं इंजिन पुरतं, छोट्या इंजिनाला कमी पेट्रोल लागतं, म्हणून टाकी छोटी, ब्रेक छोटे, चाकं बारीक. एक किलो काढला की त्याच्यामागे आणखी काही किलो आपोआप जातात. उलटं केलं तर उलटंच होतं. मोठं इंजिन, मग मोठा रेडिएटर, मग जाड सांगाडा, मग आणखी मोठं इंजिन. चॅपमनचा आग्रह होता की आधी प्रत्येक गोष्ट सोपी करा आणि मग तिचं वजन उतरवा. एका भागाने एक काम करण्याऐवजी दोन कामं केली तर दुसरा भाग लागतच नाही.

पण शौकिनाला घड्याळातल्या सेकंदांपेक्षाही एक गोष्ट जास्त प्रिय असते. गाडी आपल्याशी बोलली पाहिजे. पुढची चाकं रस्त्यावर घट्ट आहेत की निसटू लागलीत, हे स्टिअरिंग धरलेल्या बोटांना कळलं पाहिजे. जड गाडीत हा निरोप वाटेतच कुठेतरी हरवतो. चॅपमनची १९६२ सालची एलान ही गाडी या बाबतीत आजही उदाहरण म्हणून सांगतात. मधोमध पोलादी कणा, वर फायबरग्लासची बॉडी, वजन ७०० किलोच्या आत. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये आपली छोटी उघडी एमएक्स-५ आणली, तेव्हा तिच्या इंजिनिअरांच्या डोळ्यांसमोर एलानच होती. फॉर्म्युला वनमध्ये नाव कमावलेल्या गॉर्डन मरे याने नव्वदीच्या दशकात मॅकलरेन एफ१ ही त्या वेळची जगातली सर्वांत वेगवान मोटार बनवली. तिचं स्टिअरिंग एलानच्या तोडीचं करता आलं नाही, ही रुखरुख त्यानेही बोलून दाखवली आहे.

आता शर्यतीकडे येऊ.

१९६२ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्या म्हणजे नळ्यांची चौकट आणि तिच्यावर पातळ पत्रा. चॅपमनने विचार केला, पत्रा आहेच तर त्यालाच भार उचलू द्या, चौकट हवी कशाला? जेवताना हॉटेलातल्या नॅपकिनवर त्याने ही कल्पना रेखाटली असं सांगतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन लांब पेट्या दोन बाजूंना, त्यांच्यात पेट्रोलच्या रबरी पिशव्या आणि मध्ये जवळजवळ आडवा पडलेला ड्रायव्हर. ही लोटस २५. जुन्या गाड्यांपेक्षा हलकी आणि तरीही कितीतरी अधिक ताठ. हॉलंडमधल्या झांडफूर्टला ती पहिल्यांदा उतरली, तेव्हा ज्यांनी नुकतीच लोटसकडून जुन्या पद्धतीची २४ नंबरची गाडी विकत घेतली होती, ते खासगी संघवाले तिच्याकडे पाहतच राहिले. आपल्याला गेल्या पिढीची गाडी विकली गेली, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

लोटस २५ चालवायला होता जिम क्लार्क. स्कॉटलंडमधला शेतकरी घरातला, अबोल, लाजरा मुलगा. गाडीला न दुखवता पळवणं ही त्याची देणगी होती. चॅपमन आणि क्लार्क यांचं नातं मालक आणि ड्रायव्हर यांच्या पलीकडचं होतं. एकाने गाडीबद्दल अर्धं वाक्य बोलावं आणि दुसऱ्याला पुढचं कळावं, असं. १९६३ मध्ये क्लार्कने १० पैकी ७ शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवलं. १९६५ मध्ये पुन्हा जगज्जेता. त्याच वर्षी तो अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीला गेला आणि २०० पैकी १९० फेऱ्या आघाडीवर राहून जिंकला. तोवर तिथे इंजिन पुढे असलेल्या धिप्पाड गाड्याच जिंकत. मागे इंजिन असलेल्या गाडीचा तो तिथला पहिला विजय.

पण याच गोष्टीला दुसरी बाजूही होती. १९६२ चं विजेतेपद शेवटच्या शर्यतीत, क्लार्क आघाडीवर असताना, एक बोल्ट निसटून तेल गळाल्याने गेलं. १९६४ चं शेवटच्या शर्यतीत, अगदी शेवटाकडे पुन्हा तेल गळाल्यामुळे गेलं. लोटस जगात सर्वांत वेगवान होती, पण ती शेवटपर्यंत टिकेल की नाही, याची खात्री कुणीच देत नसे.

१९६६ मध्ये कंपनी नॉरफोकमधल्या हेथेल गावी, महायुद्धातल्या एका जुन्या विमानतळावर गेली. धावपट्टीचाच ट्रॅक झाला. चॅपमनचे विमान तिथेच उतरू लागले. १९६७ मध्ये कॉसवर्थने फोर्डच्या पैशावर डीएफव्ही हे इंजिन बनवलं. चॅपमनने लोटस ४९ मध्ये ते इंजिन थेट ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला बोल्टने जोडलं आणि मागची चाकं इंजिनालाच लावली. गाडीचा मागचा सांगाडा गायब! इंजिन हाच सांगाडा. पहिल्याच शर्यतीत क्लार्कने ती जिंकून दाखवली. आजही फॉर्म्युला वनची प्रत्येक गाडी याच पद्धतीने जोडलेली असते.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतल्या हॉकेनहाइमला, फॉर्म्युला टूच्या एका दुय्यम शर्यतीत, ओल्या रस्त्यावर क्लार्कची लोटस झाडांवर जाऊन आदळली आणि तो जागीच गेला. वय ३२. मागच्या टायरमधली हवा जाऊन गाडी सुटली असावी, असं मानलं जातं. फॉर्म्युला वनच्या ७२ शर्यतींत २५ विजय, हा त्याचा हिशोब तिथेच थांबला. महिनाभरातच, ७ मे रोजी, इंडियानापोलिसला सरावात लोटस चालवताना माइक स्पेन्सही गेला. चॅपमन खचला. ग्रॅहम हिलने संघ सावरून त्या वर्षीचं जगज्जेतेपद आणलं, पण क्लार्क गेल्यावर चॅपमन ड्रायव्हरांशी मनाने अंतर ठेवू लागला, असं त्याला ओळखणारे सांगत.

क्लार्कनंतर आला योखेन रिंट. ऑस्ट्रियाचा, तडफदार, स्पष्टवक्ता. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या उंच, काटकुळ्या दांड्यांवर बसवलेले पंख मोडले. एकाच जागी आधी हिल आणि मग रिंट जोरात आदळले. रिंटच्या चेहऱ्याला दुखापत झाली. त्यानंतर त्याने चॅपमनला एक पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा होता की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की नाजूक भाग मजबूत करायला थोडं वजन वाढवलं तरी आपण जिंकूच. ज्या गाडीवर विश्वास आहे तीच मी चालवू शकतो आणि तो विश्वास आता संपत आला आहे.

मित्रहो, या लेखासाठी चॅपमनबद्दल वाचताना मी सर्वांत जास्त वेळ या पत्रापाशी थांबलो. कारण इथे चॅपमनचा शत्रू बोलत नव्हता, वजन कमी करण्याला विरोध करणारा कुणी अडाणीही बोलत नव्हता. त्या हलकेपणाच्या जोरावर जिंकणारा आणि त्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस बोलत होता. आणि तो मागत काय होता? फक्त काही किलो.

१९७० मध्ये लोटस ७२ आली. पाचरीच्या आकाराची, रेडिएटर दोन्ही बाजूंना, पुढचे ब्रेक चाकांत न ठेवता आत, गाडीच्या अंगात घेतलेले. त्यामुळे चाकं हलकी झाली आणि रस्त्याला चिकटून राहू लागली. पण आतला ब्रेक आणि बाहेरचं चाक जोडायला एक दांडा लागतो. तो आतून पोकळ होता. रिंटने या गाडीत ओळीने ४ शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोन्झाच्या सरावात, ब्रेक लावायच्या जागी, उजवीकडचा पुढचा तो दांडा तुटला. गाडी डावीकडे वळून कठड्यात घुसली. रिंट वाचला नाही. तो २८ वर्षांचा होता. इटलीतल्या चौकशीत अपघाताची सुरुवात दांडा तुटल्याने झाली, पण मृत्यूला नीट न बसवलेला कठडा कारण ठरला, असा निष्कर्ष निघाला. उरलेल्या शर्यतींत त्याचे गुण कुणालाच ओलांडता आले नाहीत, म्हणून त्या वर्षीचा जगज्जेता तोच ठरला. मृत्यूनंतर हा मान मिळालेला तो एकमेव. करंडक त्याच्या पत्नीने स्वीकारला.

चॅपमन थांबला नाही. १९७२ मध्ये त्याच ७२ गाडीत, आता काळ्या-सोनेरी रंगात, ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी २५ व्या वर्षी जगज्जेता झाला. लोटस जिंकली की चॅपमन ट्रॅकच्या कडेला येऊन आपली काळी टोपी हवेत भिरकावत असे. ते दृश्य पाहायला लोक वाट पाहत. मग काही वर्षं पडतीची गेली. तेव्हा त्याने आपल्या माणसांना पुन्हा मुळापासून विचार करायला लावलं. त्यातून निघाली १९७७ ची ७८ आणि १९७८ ची ७९. गाडीचं पोट उलट्या पंखाच्या आकाराचं करायचं, म्हणजे खालून वाहणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरते. वजन न वाढवता टायरवरचा दाब वाढतो, किती सुंदर युक्ती! १९७८ मध्ये मारिओ अँड्रेटी जगज्जेता झाला. पण ते निश्चित झालं त्याच मोन्झाला, सुरुवातीच्या टकरीत लोटसचा दुसरा ड्रायव्हर रॉनी पीटरसन जखमी झाला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

चॅपमनच्या हयातीत लोटसने संघांचं विजेतेपद ७ वेळा मिळवलं. त्यानंतरचा काळ मात्र झाकोळलेला. १९८१ मध्ये त्याने एकात एक दोन सांगाडे असलेली ८८ ही गाडी आणली. या वेळी नियम करणाऱ्यांनी तिला शर्यतीत उतरूच दिलं नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा धंदा मंदावला होता. त्याआधी लोटसने जॉन डिलॉरियन या अमेरिकनाची मोटार घडवून देण्याचं काम घेतलं होतं. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ कारखाना निघाला, ब्रिटिश सरकारने जनतेचा पैसा ओतला. १९८२ मध्ये कंपनी बुडाली. लोटसला द्यायचे म्हणून एका मधल्या कंपनीकडे वळवलेले १.७ कोटी डॉलरहून अधिक पैसे लोटसपर्यंत पोचलेच नव्हते.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी ऑस्ट्रियात एलिओ दे आंजेलिसने केके रोझबर्गला ०.०५ सेकंदाने हरवलं आणि टोपी हवेत उडाली. ती शेवटची. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला. वय ५४. चौकशीची उत्तरं त्याला द्यावी लागलीच नाहीत. १९९२ मध्ये लोटसचे हिशोब सांभाळणाऱ्या फ्रेड बुशेलला ३ वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असता तर त्याला किमान १० वर्षं दिली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा नमूद केलं. कराच्या नियमातली फट, शर्यतीच्या नियमातली फट आणि शेवटी हे. फट दिसली की आत शिरायचं, ही सवय गाडीपुरती मर्यादित राहिली नव्हती.

मग अशा माणसाची आठवण कशी ठेवायची?

एक आठवण रस्त्यावर आहे. सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम या विक्रेत्याने घेतले आणि ती गाडी आजही बनते, आजही लोक ती घरी जोडतात. लोटसने १९९६ मध्ये एलीस आणली. अ‍ॅल्युमिनियमचे तयार आकार गोंदाने चिकटवून केलेला सांगाडा आणि वजन साधारण ७२५ किलो. ज्याने तरुणपणी अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी केली, त्या माणसाला हे आवडलं असतं. आजच्या मोटारी दीड-दोन टनांच्या झाल्या आहेत. त्यात लाड पुष्कळ आहेत, हे खरं. पण त्यात एअरबॅग आहेत, दारातल्या पोलादी पट्ट्या आहेत, धडक सोसणारी चौकट आहे. ते वजन फुकटचं नाही.

दुसरी आठवण ट्रॅकवर आहे. २०१८ पासून फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान असते. तिला हेलो म्हणतात. वजन सुमारे ७ किलो आणि गाडीचा वेग वाढवण्यात तिचा काडीचाही उपयोग नाही. चॅपमनच्या खात्यात ते ७ किलो कधीच बसले नसते. सुरुवातीला शौकिनांनीही नाकं मुरडली, गाडी कुरूप दिसते म्हणून. २०२० मध्ये बहारीनला रोमां ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फाडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला. कठड्याची पट्टी त्या कमानीने अडवली आणि तो माणूस ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्यानंतर नाकं मुरडणं थांबलं.

रिंटने पत्रात मागितलं होतं ते हेच, थोडंसं वजन. ते मिळायला जवळजवळ ५० वर्षं लागली.

चॅपमनने जगाला शिकवलं की जे नको ते काढून टाका. ते शिकण्यासारखंच आहे, आणि नुसतं गाडीपुरतं नाही. फक्त काढायला बसताना, त्या गाडीत बसणाऱ्यालाही एकदा विचारावं. पुढच्या वेळी पार्किंगमध्ये सीसीची चर्चा रंगली की वजनाचं विचारून बघा. आणि कुणी आरसे, मडगार्ड, हेल्मेटचा हुक काढून गाडी हलकी केली म्हणून मिरवत असेल, तर त्याला रिंटच्या पत्राची गोष्ट सांगा.